तांदळाच्या मुलखातला पाव

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्याला गड आठवतात, तहनामे आठवतात, सनावळ्या आठवतात. आज मी जो इतिहास सांगणार आहे तो पत्र्याच्या एका डब्यातून आमच्या घरी आला.

आमचा पुतण्या मालवाहू बोटीवर नोकरीला आहे. कोकणातली पुष्कळ पोरं दर्यावर जातात, त्यात नवल काही नाही. बोटीवर त्यांचे जे सोबती असतात त्यांत फिलिपाइन्सचे लोक फार. हा देश म्हणजे आशियाच्या पूर्व टोकाला, सात हजारांहून अधिक बेटांचा एक झुपकाच आहे. पुतण्याच्या बोटीवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, तिकडचा. यंदा सुट्टीवर येताना त्यानं पुतण्याच्या हाती एक डबा दिला. आत आठ गोल, चपट्या, पिवळसर वड्या होत्या. नाव 'होपिया'.

मी एक उचलून चावली आणि थबकलो. वरचं कवच थेट चिरोट्यासारखं, पदर सुटलेलं. आणि आत? आत मुगाचं गोड पुरण! मी म्हटलं, "अरे, ही तर आपली पुरणाची करंजीच की, फक्त भट्टीत भाजलेली." पुतण्या हसला. म्हणाला, "काका, ते लोक मुगाला 'मुंगो' म्हणतात."

आमची थोरली बहीण, आक्का, शेजारीच बसली होती. तिनं वडी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि विचारलं, "यात मोहन कसलं रे?" पोरगा खोटं बोलणारा नाही. म्हणाला, "आत्या, या डब्यावर वनस्पती तेल लिहिलंय. पण जुन्या रीतीनं करतात त्यात डुकराची चरबी घालतात." आक्कानं वडी मुकाट्यानं डब्यात ठेवली आणि हात धुवायला उठून गेली.

मला राग आला नाही, बरं का. उलट कुतूहल वाटलं. आपल्या हातातल्या या वडीच्या पोटात काय काय आहे, ते शोधावं असं मनानं घेतलं. शोधता शोधता जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

फिलिपाइन्स हा भाताचा मुलूख. आपल्या कोकणासारखाच. पाऊस बक्कळ, हवा दमट, शेतं पाण्याखाली. गव्हाला लागणारी कोरडी थंडी तिकडे मिळणं कठीण. असं असून आज त्या देशातल्या खेड्याखेड्यांत पहाटे पावाची भट्टी पेटते. ज्या पिकाचा दाणा शेतात दिसत नाही त्याचा पाव रोज सकाळी घरोघर येतो, हे घडलं कसं?

१५२० सालच्या नोव्हेंबरात मॅगेलनची गलबतं दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून पॅसिफिक महासागरात शिरली. जमीन दिसेना. तीन महिने आणि वीस दिवस ताजं अन्न नाही. पिगाफेत्ता नावाचा एक इटालियन माणूस बरोबर होता, त्यानं सारी हकीकत लिहून ठेवली आहे. बोटीवरची बिस्किटं संपत आली तेव्हा ती बिस्किटं राहिलीच नव्हती. किड्यांनी पोखरलेली, उंदरांच्या मुताचा वास येणारी भुकटी ते लोक मुठीमुठीनं खात होते. अशा अवस्थेत १५२१ च्या मार्चमध्ये ते फिलिपाइन्सच्या किनाऱ्याला लागले. तिथल्या माणसांनी त्यांना मासे, केळी, नारळ दिले, आणि पुढे भातही आणून दिला.

पिगाफेत्ता मोठा चौकस. त्यानं तिथल्या बोलीतले शब्द विचारून त्यांची यादी केली. तीत तांदळाच्या एका भाकरीवजा पदार्थाचं नाव आहे 'टिनापाय'. आणि गंमत पाहा, आज पाचशे वर्षांनी त्या देशात गव्हाच्या पावाला जो सर्वसाधारण शब्द आहे तो हाच, 'टिनापाय'! म्हणजे पाव परक्यांनी आणला, पण त्याला बसायला पाट दिला तो घरातल्या जुन्या शब्दानं. आपण मराठीत मात्र पोर्तुगीज 'पांव' शब्दच उचलला आणि 'पाव' केला. कुणाचं बरोबर, हा वाद मी घालत नाही. शिक्षकमंडळींनी वर्गात घालून पाहावा.

मॅगेलन त्याच वर्षी २७ एप्रिलला मक्तान बेटावर लापुलापूच्या माणसांशी लढताना मारला गेला. स्पेनची सत्ता खरी बसली ती नंतर, १५६५ साली सेबूत आणि १५७१ साली मनिलात. स्पॅनिश लोकांना गहू दोन कारणांसाठी हवा होता. एक तर पोटाची सवय. आणि दुसरं, त्यांच्या धर्मविधीत जो प्रसाद देतात तो गव्हाच्याच पिठाचा असावा लागतो, तांदळाचा चालत नाही. तेव्हा राज्य आलं, देऊळ आलं, त्यापाठोपाठ गहू येणं भागच होतं. त्यांनी काही भागांत गहू पेरूनही पाहिला. पण मनिलाची भूक भागली ती चीन आणि जपानहून गलबतांनी येणाऱ्या पिठावर.

आता हे पीठ मळायचं कुणी? स्पॅनिश शिपाई थोडेच कणीक तिंबणार! हे काम उचललं चिनी लोकांनी. मनिलाच्या कोटाबाहेर त्यांची मोठी वस्ती होती, तिला परियान म्हणत. मनिलाचे पहिले बिशप दोमिंगो दे सालाझार यांनी १५९० साली स्पेनच्या राजाला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात त्यांनी या चिनी भटारखान्यांचं कौतुक केलं आहे. चिनी लोक पाव चांगला भाजतात, स्वस्त विकतात, त्यामुळे पूर्वी जे भात खात ते कितीतरी लोक आता पाव खाऊ लागले आहेत, असं ते कळवतात. आणखी एक गोष्ट ते लिहितात ती मला फार आवडली. ज्याच्याजवळ पैसे नसतील त्याला हे पाववाले उधार देत आणि खुणेची नोंद ठेवीत. कितीतरी शिपाई वर्ष वर्ष या उधारीवर जगत. आपल्याकडे दुधाच्या रतिबाला भिंतीवर रेघा ओढायची पद्धत होती ना? तसंच म्हणा.

म्हणजे राज्य स्पेनचं, खाणारे स्पॅनिश आणि बेटांवरचे, पीठ चीनचं, मळणारे हात चिन्यांचे. पण या उधारीचे उपकार कसे फेडले गेले? १६०३ साली परियानमध्ये बंड झालं. नवा कोट बांधला जातोय, चीनचा राजा चालून येणार, अशा अफवांनी दोन्हीकडचे लोक बिथरले होते. मग जी कत्तल झाली तीत हजारो चिनी मारले गेले. आणि त्यानंतर मनिलात अन्नाची आणि कारागिरांची टंचाई पडली. ज्यांना मारलं तेच शहराला जेवू घालत होते! पुढे थोड्याच वर्षांत परियान पुन्हा भरलं. चिनी परत आले, भट्ट्या परत पेटल्या.

आमच्या डब्यातली होपिया याच लोकांची. चीनच्या फुकियन प्रांतातून आलेल्यांच्या बोलीत 'हो पिया' म्हणजे 'चांगली पोळी'. चिरोट्याला आपण तूप आणि तांदळाच्या पिठाचं साटं लावतो, तसं ते लोक चरबीत मळलेलं पीठ मध्ये घालून लाटतात, म्हणून पदर सुटतात. होपियाचा एक प्रकार आहे त्याचं नावच डुकरावरून पडलेलं आहे, पण आत मांस नसतंच. आत असतो कोहळा! कोहळ्याचा गोड पाक आणि परतलेला कांदा. नाव पडलं ते मोहनातल्या चरबीवरून. मी हे आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "नावात तरी कशाला आणायचं मग?" यावर उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

रोजच्या पावाचं नाव मात्र स्पॅनिशच राहिलं, 'पान दे साल', म्हणजे मिठाचा पाव. खाल तर आज तो गोडसर लागतो, हा भाग निराळा. त्याची कृती पुतण्यानं बोटीवर डोळ्यांनी पाहिली आहे. पीठ मळून, फुगवून त्याची लांब वळकटी करतात. तिला म्हणतात 'बास्तोन', म्हणजे काठी. ती पावाच्या चुऱ्यात घोळवून तिरकी कापतात, कापलेले तुकडे पुन्हा फुगू देतात आणि भाजतात. पहाटे चारला बोटीवर वास सुटला की सगळ्या देशांचे खलाशी जागे होतात म्हणे. गरम पाव मध्ये फोडायचा, काही नसेल तर तसाच काळ्या कॉफीत बुडवायचा. गावाकडच्या जुन्या भट्ट्या विटांच्या, लाकडावर पेटवायच्या. त्यांना 'पुगोन' म्हणतात.

बाकी भावंडं पुष्कळ आहेत. ओल्या खोबऱ्याचं सारण भरलेला 'पान दे कोको' आपल्या कोकणातल्या माणसाला एका घासात आपलासा वाटेल. 'एन्सायमादा' नावाचा गुंडाळीचा गोड पाव मूळ स्पेनजवळच्या मायोर्का बेटावरचा. तिथल्या भाषेत 'साईम' म्हणजे डुकराची चरबी, त्यावरून ते नाव. फिलिपाइन्समध्ये चरबी जाऊन लोणी आलं, वर साखर आणि किसलेलं चीज आलं, नाव तेवढं जुनं राहिलं. आणि शिळा पाव वाया घालवायचा नाही म्हणून त्याचं लाल रंगाचं गोड सारण करून नव्या पावात भरतात. त्याला गावोगाव निरनिराळी नावं. कुठं 'लिगाया', म्हणजे आनंद, तर कुठं 'कालिहिम', म्हणजे चिटणीस! शिळ्या पावाला चिटणिसाचं नाव कुणी दिलं असेल, ते त्या चिटणिसालाच ठाऊक.

१८९८ साली स्पेन गेलं आणि अमेरिका आली. स्वातंत्र्य पुकारणाऱ्या फिलिपिनो लोकांशी अमेरिकेनं १८९९ पासून युद्ध केलं. मग शाळा आल्या, इंग्रजी आली आणि अमेरिकेचा गहू आला. भाव स्वस्त, पुरवठा भरपूर. चार दशकांत पाव ही चैन राहिली नाही, गरज झाली. आणि गरज झाल्यावर मग तिची दोरी कुणाच्या हातात, हा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न ओळखणारी एक बाई त्या देशात होऊन गेली. तिचं नाव मारिया ओरोसा. बातांगास प्रांतातल्या ताल गावची. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात ती रसायनशास्त्र शिकली. तिथे राहून चांगली नोकरी करता आली असती, पण ती मायदेशी परतली आणि सरकारी प्रयोगशाळेत कामाला लागली. तिनं पाहिलं की आपल्या बेटांवर केळी आहेत, कसावाचे कंद आहेत, नारळ आहे, सोयाबीन होऊ शकतं, आणि तरी आपण पिठाच्या पिशव्या आणि डबाबंद अन्न परदेशातून आणतो. तिनं केळ्याचं पीठ केलं, कसावाचं पीठ केलं आणि त्यांचे भाजके पदार्थ करून दाखवले. टोमॅटोऐवजी केळ्याची चटणी बाटलीत भरली. ती तर आज त्या देशात घरोघर आहे.

तिचं दुसरं मोठं काम भाताच्या कोंड्याचं. गिरणीतला पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्यांना बेरीबेरी नावाचा रोग होई. पाय सुजत, हातापायांतलं बळ जाई, लहान मुलं दगावत. कारण जे सत्त्व हवं ते सडताना कोंड्यात निघून जातं. ओरोसाबाईंनी तो कोंडा घालून बिस्किटं केली. जे कोंबड्यांपुढं टाकायचं ते मुलांच्या तोंडी औषध म्हणून गेलं.

पण खेड्यातल्या श्रोत्यांना मी मुद्दाम सांगेन ती गोष्ट वेगळीच. बाई खेड्यांतून फिरत, बायकांचे वर्ग चालवत. तिथे ना वीज ना लोखंडी भट्टी. मग भाजायचं कशात? बाईंनी मातीच्या मडक्याचीच भट्टी बनवली. ज्या 'पालायोक'मध्ये भात शिजायचा, त्याच जातीचं मडकं. कुंभाराकडं मिळणारं. त्यात केक, बिस्किटं भाजता येत. प्रयोगशाळेत शिकलेली माणसं पुष्कळ असतात, पण आपली विद्या मडक्यात बसवून दाखवणारी विरळा.

१९४२ ते १९४५ या काळात जपानी फौजा त्या देशावर बसल्या होत्या. बाहेरून पीठ येणं थांबलं. तेव्हा लोकांना कसावा आणि तांदळाचं पीठच तारून गेलं. ओरोसाबाईंनी जपान्यांविरुद्ध लढणाऱ्या गनिमी सैनिकांना साथ दिली. तिनं केलेलं सोयाबीनचं पौष्टिक पीठ आणि कोंड्याची बिस्किटं चोरून बंदी छावण्यांत पोचवली जात. मनिलाच्या लढाईत, १३ फेब्रुवारी १९४५ रोजी, बाई बॉम्बगोळ्यांच्या माऱ्यात सापडून गेल्या. घरच्यांनी गाव सोडून जाऊ म्हटलं तरी त्या काम सोडून गेल्या नव्हत्या.

देश १९४६ साली स्वतंत्र झाला. गहू मात्र आजही जवळजवळ सगळा बाहेरून येतो. पीठ दळायच्या गिरण्या पन्नाशीच्या दशकात तिथे निघाल्या, पण दाणा परका तो परकाच. जगाच्या बाजारात गहू कडाडला की पान दे साल महाग होत नाही, लहान होतो! भाव तोच, आकार आक्रसलेला. आपल्याकडच्या वड्यातल्या पावाकडं पाहिलंत तर हे शास्त्र तुम्हांला वेगळं शिकवायला नको.

आपणही त्या वाटेनं थोडं चाललो आहोतच. १९५६ साली भारतानं अमेरिकेशी पी. एल. ४८० चा करार केला आणि बोटी भरभरून गहू येऊ लागला. रेशनवरची ती लाल 'मिलो' ज्वारी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तिची भाकरी आठवत असेल. थापताना चिरा पडायच्या. १९७२ च्या दुष्काळात आपल्या पोरांच्या हातावर सुकडी पडली. आणि नेमक्या त्याच सुमारास फिलिपाइन्समधल्या शाळांतून मुलांना एक भला मोठा पाव मिळत होता. नाव 'न्यूट्रिबन'. अमेरिकेच्या मदतीचं पीठ आणि दुधाची पावडर घालून केलेला, एकेका पावात ५०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं. पावावर नावाचा ठसा उठवलेला. १९७२ साली लुझोन बेटावर महापूर आला तेव्हा पूरग्रस्तांनाही तोच वाटला. आज साठीला आलेली तिकडची माणसं त्याची आठवण काढतात. कुणी म्हणतं घशाखाली उतरत नसे, कुणी म्हणतं त्यावरच वाढलो. दोन्ही खरं असणार. सुकडीबद्दल आपणही दोन्ही बोलतो. २०२० साली तिथल्या सरकारी अन्नसंशोधन संस्थेनं तो पाव पुन्हा काढला. या खेपेस त्यात भोपळा घातला आहे, तिथल्याच मळ्यांतला.

गोव्याचं नाव घेतल्यावाचून हे भाषण पुरं व्हायचं नाही. स्पेननं तिकडं जे केलं तेच पोर्तुगालनं इकडं. पाव भाजणाऱ्याला फिलिपाइन्समध्ये 'पानादेरो', गोव्यात 'पोदेर'. यीस्ट नव्हतं तेव्हा गोव्याच्या पोदेरानं माडाच्या सुरेनं पीठ फुगवलं. आणि गोव्याची बिबिंक आपल्याला ठाऊक आहे, नारळाचं दूध आणि अंड्याच्या बलकाची, थरावर थर देऊन वरून निखाऱ्यांची आंच दिलेली. फिलिपाइन्समध्येही 'बिबिंका' आहे! ती तांदूळ भिजवून वाटलेल्या पिठाची, खाली केळीचं पान, वरखाली निखारे. १६ डिसेंबरपासून २४ तारखेपर्यंत तिकडं पहाटे अंधारात प्रार्थना असतात. त्या सुटल्या की देवळाच्या दारात गरम बिबिंका मिळते. दोन पदार्थ वेगळे, नाव एक. ते नाव कुठून कुठं गेलं यावर पंडितांचं एकमत नाही. वरखाली निखारे ठेवून भाजणं तर आपल्या जुन्या बायकांनाही येत होतं. भानोली कशी करीत?

आणि पहिल्या घासाची भीती? ती आपण काय कमी भोगली आहे! वसईकडे नि गोव्याकडे अजून सांगतात, की विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलं म्हणून गावंच्या गावं बाटली. याच भीतीला तोंड द्यायचं म्हणून १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस मंडळीत सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. तोही गुपचूप! पुढे सभासदांची नावं फुटली आणि मंडळीच मोडली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढं आली, तर रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झालं. एका घासासाठी केवढं रामायण! तेव्हा आक्कानं वडी खाली ठेवली त्यात तिचा एकटीचा दोष काय?

मी तिला हे सगळं हळूहळू सांगितलं, रोज थोडं थोडं, संध्याकाळी. चिनी भटारी, त्यांची उधारी, कत्तल. तिनं 'हूं' म्हणून ऐकलं. ओरोसाबाईंच्या मडक्याची गोष्ट मात्र तिनं दोनदा सांगायला लावली. मडक्याला खाली भोक होतं का, झाकणावर विस्तव किती, असं खोदून विचारत राहिली. मला कुठलं सांगता यायला!

चौथ्या दिवशी डबा उघडला तर दोनच वड्या उरल्या होत्या. आक्कानं पुतण्याला हाक मारली. "त्या डब्यावरचं पुन्हा एकदा वाच बघू." त्यानं वाचलं, वनस्पती तेल. तिनं वडीचा अर्धा तुकडा मोडला, डोळे मिटून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिली.

"पुरण चांगलं शिजलंय," ती म्हणाली. "वेलदोडा नाही घातला मेल्यांनी."